उजव्या कानाचे चणे

बरदियाचे कान शिवून त्याला घरी आणल्याला दोन दिवस झाले होते, आणि तूरान खानुमनी अजून एकदाही "चला, बरं झालं" असं म्हटलं नव्हतं.

साडेसहा वर्षांचा त्यांचा नातू बैठकीच्या खोलीत गालिच्यावर लोडाला टेकून बसला होता. डोक्याभोवती पांढऱ्या पट्ट्यांचं एवढं मोठं मुंडासं, की खाली दोन डोळे, नाक आणि तोंड एवढंच उरलेलं. शेजारचे मंसूर आगा कालच दारातून डोकावून म्हणाले होते, "सलाम, हाजी आगा! आज प्रवचन कशावर?" बरदिया हसला होता, पण अर्धाच. डावा गाल हसला, उजवा जागच्या जागी राहिला. तूरान खानुमनी ते पाहिलं आणि मनाशी टिपून ठेवलं.

टिपून ठेवायची ही त्यांची सवय फार जुनी. शीराझमधल्या एका शाळेत तीस वर्षं त्यांनी पहिलीचा वर्ग शिकवला होता. कोणतं पोर न्याहारी न करता आलंय, कुणाच्या चपला थोरल्या भावाच्या आहेत, कुणी शेजाऱ्याच्या वहीत बघून शुद्धलेखन उतरवलंय, हे त्यांना वर्गात पाऊल टाकताच कळायचं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण नजर काही निवृत्त झाली नव्हती.

मुळात हे ऑपरेशनच त्यांना नको होतं. चहाच्या समोवराला दोन बाजूंना दोन मुठी असतात, तसे बरदियाचे कान. बालवाडीतल्या पोरांनी त्याला समोवर म्हणायला सुरुवात केली आणि त्यांची मुलगी महशीद बेचैन झाली.

"मामान, मेहेर महिना लागला की शाळा सुरू. पहिलीत जायच्या आत उरकलेलं बरं."

"माझ्या वर्गात दरवर्षी एक तरी समोवर असायचाच. त्यातला एक आज विमान चालवतो."

"आणि त्याला अजून आठवतं ना, पोरं काय हाक मारायची ते?"

त्याला ते आठवत होतं. बाजारात भेटला तेव्हा त्या पोराने स्वतःच हसत हसत तसं सांगितलं होतं, आणि ते हसणं फारसं खरं नव्हतं.

महशीदने स्वतःचं नाक एकोणिसाव्या वर्षी करून घेतलं होतं. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलींनी तेच केलं होतं. ते जुनं, मधे उंचवटा असलेलं नाक तिच्या वडिलांचं होतं. आता वडीलही नव्हते, आणि ते नाक घरात फक्त भिंतीवरच्या फोटोत उरलं होतं. म्हणून मुलीने डॉक्टरचं नाव काढलं, की तूरान खानुमच्या मनात शंकेची पाल चुकचुके. ही पोराचं दुःख दूर करत्येय की स्वतःचंच कुठलं तरी उरलेलं?

तरी त्या पहिल्या भेटीला सोबत गेल्या. जावई कामबीझ असलूयेच्या वायू प्रकल्पावर कामाला. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे इकडे. तो तिकडे होता.

दवाखाना जंद रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत भिंतभर फोटो, आधीचे आणि नंतरचे. आधीच्या फोटोंत वीस माणसं होती. नंतरच्या फोटोंत एकच नाक वीस वेळा होतं. 'एकाच वहीतून उतरवलंय सगळं,' तूरान खानुम मनात म्हणाल्या. टेबलामागे बसलेल्या रोक्साना नावाच्या मुलीच्या नाकावरही कातडीच्या रंगाची पट्टी.

"तुझं कधी झालं, पोरी?"

"नवरोजच्या सुट्टीत, हाज खानुम."

"म्हणजे पाच महिने झाले. पट्टी तर महिनाभराची असते म्हणतात."

"शोभते मला," रोक्साना हसून म्हणाली. "बसा ना, हाज खानुम."

"मी हजला गेलेली नाही," असं म्हणून तूरान खानुम बसल्या.

खर्च कळला: रुग्णालय, भूल आणि डॉक्टर मिळून तीन कोटी तुमान. त्यातला डॉक्टरांचा हिस्सा रोख, बंद पाकिटात, पावतीशिवाय. फोटो आपल्या इंटरनेटवरच्या पानावर लावू दिले तर डॉक्टर आझरमेहर त्यांच्या हिश्शातला पाचवा भाग सोडणार होते. आयतं मिळणारं काही दिसलं, की तूरान खानुम ते उलटसुलट करून बघत. पण महशीदने होकार देऊन टाकला होता.

डॉक्टर उंच, केस पिकलेले, आवाज साखरेत घोळलेला. त्यांनी बरदियाच्या कानामागे दोन बोटं ठेवून समजावलं. मागून चीर घ्यायची, कूर्चा दुमडून टाके घालायचे, आठवडाभर मोठी पट्टी, मग सहा आठवडे रात्री झोपताना डोक्याला रुंद फडक्याचा पट्टा.

"ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार ना?" तूरान खानुमनी विचारलं.

डॉक्टरांनी छातीवर हात ठेवला. "खानुम, तुमच्या नातवाचे कान म्हणजे माझ्या डोळ्यांच्या बाहुल्या."

परत येताना गाडीत त्या म्हणाल्या, "तो हो म्हणाला नाही."

"मामान, तो सभ्यपणे हो म्हणाला!"

"मी पहिलीच्या पोरांनाही शिकवायचे. प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर असेल, तर तेच द्यायचं."

मंगळवारी ऑपरेशन झालं. दोन तासांनी दार उघडलं, तेव्हा आधी एक तरणाताठा सहायक डॉक्टर जांभई देत बाहेर आला, आणि आझरमेहर त्यानंतर दहा मिनिटांनी. तूरान खानुमनी तेही टिपलं. पहिला कोण बाहेर येतो? ज्याचं काम आधी संपतं तो. मग शेवटचं काम कोणाचं, आणि पहिलं कोणाचं? एक कान याचा आणि एक त्याचा असं तर नसेल?

हे त्यांनी महशीदला बोलून दाखवलं. रोक्सानाची पट्टी, पाकीट, फोटो, जांभई, सगळं बोलून दाखवलं. बुधवारी संध्याकाळपर्यंत महशीद इतकी कावली, की म्हणाली, "मामान, पुरे! तुला चहातसुद्धा काहीतरी दिसतं."

आणि त्यानंतर, खरोखर काही दिसलं, तेव्हा ऐकायला कुणी उरलं नाही.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला. महशीदने आवाज मोठा केला.

"आमचा पहिलवान कसा आहे?"

"तुमचे हात कधी दुखू नयेत, डॉक्टरसाहेब. तुमच्या सावलीत छान आहे. उगाच तसदी घेतलीत."

"दुखतंय का त्याला?"

"छे छे. तुमच्या हाताला यश आहे. थोडंसं, इतकंच. घरी सगळे बरे ना तुमच्या?"

"द्या बघू त्याच्याकडे."

बरदियाने फोन दोन्ही हातांत धरला आणि एका दमात म्हणाला, "सलाम डॉक्टरकाका, मी बरा आहे, देवाची कृपा, तुम्ही कसे आहात, थकला नाहीत ना?"

पलीकडे डॉक्टर मोठ्याने हसले. "वाहवा! कुणी शिकवलं याला?"

"माझ्या आईने," महशीद म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच आईकडे कौतुकाने पाहिलं.

तूरान खानुमना मात्र कौतुक वाटेना. पोर तोंडाच्या डाव्या बाजूनेच बोललं होतं. रात्रभर डाव्या कुशीवरच झोपलं होतं. न्याहारीची भाकरी त्याने कुरतडून ठेवली, आणि चीज तेवढं जिभेने चाटून घेतलं. दुपारी त्यांनी त्याच्या आवडीचा, बर्फाळ शेवयांचा शीराझी फालूदा आणून समोर ठेवला, लिंबू पिळून. दोन चमचे झाले आणि वाटी हळूच बाजूला सरकली.

"काय रे, दुखतंय?"

"नाही, मादरजान. बरा आहे, देवाची कृपा. तुमचे गुडघे कसे आहेत?"

हे उत्तर त्यांनीच शिकवलं होतं. दारात पाहुणा आला आणि त्याने कसा आहेस म्हणून विचारलं, की आपलं रडगाणं त्याच्या पदरात टाकायचं नाही. आधी देवाचे आभार, मग त्याची विचारपूस. हे त्यांनी या पोराकडून शंभर वेळा घोटून घेतलं होतं, प्रत्येक वेळी एक बदाम देऊन. ते इतकं पक्कं बसलं होतं, की त्याच्या आत काय चाललंय हे आता विचारून कळणार नव्हतं.

दोन दिवस त्यांनी डॉक्टरवर संशय घेतला, मुलीवर घेतला, त्या पट्टीवालीवर घेतला. या दोन ओळींवर घेतला नव्हता.

उद्याच्या शुक्रवारी मटण-चण्यांचं आबगूश्त करायचं म्हणून त्या चणे निवडत बसल्या होत्या. परात त्यांनी तशीच उचलून बरदियापुढे ठेवली, आणि दोन रिकाम्या बशा मांडल्या.

"चल, गणित करू."

"शाळा कुठे सुरू झालीय अजून?"

"माझी कधी बंदच झाली नाही. ही बशी डाव्या कानाची, ही उजव्या कानाची. बोलायचं काही नाही. जो कान जेवढा दुखतो, तेवढे चणे त्याच्या बशीत टाकायचे. थोडं दुखलं तर एक. जास्त दुखलं तर जास्त."

बरदियाने जरा विचार केला. डाव्या बशीत दोन चणे टाकले. एक परत काढून घेतला. मग उजव्या बशीत टाकू लागला. एक, दोन, पाच. मग मुठीने. बशी भरली, गालिच्यावर चणे घरंगळले, तरी तो थांबेना. परातीतले निवडलेले संपल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं, उठला, आणि डोकं एका बाजूला कलतं धरून, पाय जपून टाकत स्वयंपाकघरात गेला. परत आला तेव्हा त्याच्या छातीशी चण्यांची अख्खी बरणी होती.

"मादरजान, हे पण त्याचेच."

तूरान खानुमनी बरणी हातातून काढून घेतली. "आणि काल? काल किती असते?"

"काल पाच." तो कुजबुजला. "डॉक्टरकाकांना सांगू नका. मी त्यांना बरा आहे म्हणालोय. खोटारडा म्हणतील."

काल पाच आणि आज बरणी. शिवलेली जागा दिवसागणिक कमी दुखायला हवी. दोन्ही कान एकाच दिवशी शिवलेले, मग एकालाच असं का व्हावं? एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नव्हतं.

महशीद आतल्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. तिने चण्यांची हकीकत ऐकली आणि इस्त्री उभी केली. "मामान, लहान पोर आहे ते. चण्यांशी खेळलं."

"ते खेळत नव्हतं."

"तुला पहिल्यापासून हे नको होतं. आता चणे घेऊन आलीस."

"नको होतं, हे खरं आहे. त्यामुळे तुला माझं खरं वाटत नाही, हेही मला कळतं. फोन लाव, आणि एकदा तरी सरळ सांग."

महशीदने फोन लावला. रोक्सानाने उचलला. "सलाम रोक्साना जान, थकली नसशील ना, आई कशी आहे? माफ कर हं, गुरुवारची दुपार आणि मी त्रास देत्येय... तसं काही नाही, म्हणजे बरदियाला थोडं दुखतंय म्हणतो... हो, हो, बरोबर आहे. पहिले तीन दिवस. गोळी. तुझ्यावरून ओवाळून टाकलं मला." फोन ठेवून ती म्हणाली, "ऐकलंस? पहिले तीन दिवस दुखतंच."

"तू तिला एका कानाचं सांगितलंच नाहीस."

महशीदने आठवून पाहिलं. खरंच सांगितलं नव्हतं.

"उद्या शुक्रवारची सुट्टी," तूरान खानुम म्हणाल्या. त्यांनी कोट चढवला, डोक्यावर रुमाल बांधला. "शनिवारपर्यंत कुणी भेटायचं नाही. मी टॅक्सी बोलावते. तू येतेस की मी एकटी नेऊ?"

महशीदने इस्त्रीची पिन काढली.

तिसऱ्या मजल्यावर पोचल्या, तेव्हा रोक्साना पर्स खांद्याला अडकवून दिवे मालवत होती.

"हाज खानुम! पायधूळ झाडलीत! पण डॉक्टर निघालेच आहेत, शनिवारी सकाळी आलात तर..."

"उजव्या कानाची पट्टी आत्ता उघडायची."

नमस्कार नाही, चमत्कार नाही. रोक्सानाचं तोंड उघडंच राहिलं. महशीदने लाजून आईची बाही ओढली. "मामान, निदान सलाम तरी..."

रोक्साना सावरली. वाकून, गोड आवाजात तिने बरदियाला विचारलं, "काय रे राजा, कसा आहेस?"

"बरा आहे, देवाची कृपा," बरदिया म्हणाला. त्याच्या ओठांना रंग नव्हता. "तुम्ही कशा आहात?"

"बघा!" रोक्साना म्हणाली.

तूरान खानुम गुडघे कुरकुरत असताना त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. वर्गात घाबरलेल्या पोरापुढे बसायच्या तशाच, त्याच्या डोळ्यांच्या खाली.

"बरदिया, ऐक. मी तुला जे शिकवलं ते पाहुण्यांसाठी आहे. डॉक्टर पाहुणा नसतो. डॉक्टरला बरा आहे म्हणायचं नाही, दुखतं ते सांगायचं. हे मी तुला आधीच शिकवायला हवं होतं. चूक माझी आहे, तू खोटारडा नाहीस. आता सांग. मोठ्याने सांग."

बरदियाने आधी आईकडे पाहिलं, मग रोक्सानाकडे. मग तोंड उघडलं आणि असा ओरडला, की आतल्या खोलीतून डॉक्टर आझरमेहर एका हातात कोट आणि एका हातात गाडीची किल्ली घेऊन धावतच आले.

त्यांनी एकही गोड शब्द काढला नाही. पोराला टेबलावर झोपवून पट्टीला कात्री लावली. डावा कान लालसर, पण नेटका होता. उजवा वांग्यासारखा जांभळा आणि फुगलेला. त्याच्या वळणांचा पत्ताच नव्हता. महशीदच्या तोंडून आवाज फुटला. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग क्षणभर गेला, हे तूरान खानुमनी पाहिलं.

"कातडीखाली रक्त साठलंय," ते म्हणाले. "आत्ताच काढतो. सुईने बधिर करतो, पण दोन मिनिटं त्याला घट्ट धरा."

तूरान खानुमनी डोकं धरलं, महशीदने पाय. दोन मिनिटांची दहा झाली. दोन टाके उसवले, काळ्या गाठी बाहेर आल्या, जागा धुतली, नवी पट्टी घट्ट बसली. बरदिया आधी किंचाळला, मग नुसता हुंदके देत राहिला, आणि मग एकाएकी म्हणाला, "आता दोनच चणे."

"काय म्हणतो हा?" डॉक्टरांनी विचारलं.

हात धुताना ते पाठमोरे बोलले. "शनिवारपर्यंत राहिलं असतं, तर कूर्चा कुजली असती. कान चुरगळल्या कागदासारखा झाला असता. शंभरात दोघा-तिघांना होतं असं, कुणाच्याही हातून. पण सकाळी मी विचारलं, छान आहे असं ऐकलं, आणि ऐकून मला बरं वाटलं. तिथे मी थांबायला नको होतं."

"उजवा कान कुणी शिवला?" तूरान खानुमनी विचारलं.

महशीदने डोळे मिटून घेतले. डॉक्टर वळले. या वेळी हात छातीवर गेला नाही.

"मी. दोन्ही मीच."

तूरान खानुमनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. तीस वर्षांत त्यांनी खरं बोलणारी पोरं पाहिली होती, आणि खरं वाटेल असं बोलणारीही. हा कुठला, ते त्यांना ठरवता आलं नाही. पण उत्तर सरळ होतं, म्हणून त्यांनी ते घेतलं.

बाहेर महशीदने पर्स उघडली. रोक्साना घाईने म्हणाली, "नको, नको! तुमच्यापुढे त्याची काय किंमत!"

"खरंच नको, की म्हणायचं म्हणून?" तूरान खानुमनी विचारलं.

रोक्साना गोंधळली. तिला हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता. "खरंच नको," ती शेवटी म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, नको."

शुक्रवार कसाबसा गेला. आबगूश्त शिजलं, पण मोठ्या दोघींना ते गेलं नाही. बरदियाने मात्र दोन वाट्या खाल्ल्या, दोन्ही बाजूंनी चावून. तूरान खानुमना तेवढ्याने समाधान नव्हतं. पोर बरं वाटतंय म्हणालं तरी कानाला आतून रक्त पोचतंय का, हे कुणालाच दिसत नव्हतं. महशीद दर तासाला पट्टीच्या कडेला नाक लावून वास घेई आणि आईने पाहिलं की दूर होई. संध्याकाळी ती आपण होऊन जवळ येऊन बसली. म्हणाली, "मामान, तो कान गेला तर मी त्याला काय सांगू?" तूरान खानुमनी तिचा हात हातात घेतला. उगाच धीर द्यायचा म्हणून त्यांनी तो दिला नाही.

शनिवारी सकाळी आठ वाजता त्या तिघांनी दवाखाना उघडायच्या आधीच जिना चढला. डॉक्टरांनी पट्टी सोडली. जांभळा रंग पिवळट झाला होता. कानाच्या वळणांच्या रेषा पुन्हा दिसू लागल्या होत्या. डॉक्टरांनी वरच्या कडेवर बोट दाबलं आणि सोडलं. बोटाखालची जागा पांढरी पडली, आणि मग हळूहळू गुलाबी झाली.

"रक्त पोचतंय," ते म्हणाले. "वाचला. वरच्या घडीला थोडा जाडपणा राहील. तुम्हाला कळेल, दुसऱ्याला नाही. पट्ट्याचे सहा आठवडे तेवढे सांभाळा, म्हणजे..."

"मी बघते," तूरान खानुम म्हणाल्या.

"हो, पाहा ना."

"तसं नाही. मी स्वतः दाबून बघते."

डॉक्टर बाजूला झाले. तूरान खानुमनी चष्मा वर सरकवला, खिडकी पाठीशी घेतली, आणि तर्जनी अलगद त्या कडेवर टेकवली.

"आई गं!" बरदियाने मान हिसडली. "मादरजान, तुमचं बोट बर्फासारखं आहे. मला नाही आवडलं."

तूरान खानुमनी बोट मागे घेतलं. दोन्ही हात चोळून चोळून गरम केले, बोटावर फुंकर घातली, आणि पुन्हा टेकवलं. पांढरं झालं. त्या मनात आकडे मोजत थांबल्या. तीनपर्यंत जायच्या आत गुलाबी झालं.

"आता डावा," त्या म्हणाल्या.

"डाव्याला काहीच झालेलं नाही, खानुम," डॉक्टर म्हणाले.

"असेल," असं म्हणून त्या टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या.